डावा खांदा

"आता हे अजून किती वेळ?" वहिनींनी विचारलं. "गॅसवर दूध ठेवलंय. उतू गेलं तर पुसायला मॅडम येणार आहेत का?"

मास्तरांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, आणि त्या नसत्या तरी ते फारसं बोलले असते असं नाही. त्यांनी दोन बोटांनी वहिनींची हनुवटी जराशी वर उचलली. म्हणजे समोर बघ आणि हलू नकोस.

वहिनी दुकानाच्या मागच्या, घराला लागून असलेल्या खोलीत, अर्धवट शिवलेल्या कोटात उभ्या होत्या. काळपट हिरव्या लोकरीचा कोट, एक बाही लागलेली, एक अजून टेबलावर. सगळीकडे पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके. कोट वहिनींचा नव्हता. तो ज्यांच्यासाठी शिवला जात होता त्या मॅडमना त्याचा पत्ताही नव्हता. पण बाईमाणसाचा कोट ट्रायलशिवाय कसा शिवणार? मॅडम आणि वहिनी साधारण एकाच बांध्याच्या, असा मास्तरांचा हिशोब होता. म्हणून गेले काही दिवस संध्याकाळी दुकान बंद झालं की वहिनींना असं पुतळ्यासारखं उभं केलं जात होतं.

मास्तरांनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "दादा," ते म्हणाले, "वळ."

"वळला दादा," वहिनी म्हणाल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

डोक्याला मार लागल्यापासून मास्तरांच्या तोंडून बायकोला हाक जायची ती 'दादा' अशी. हाक बाहेर पडताक्षणीच ती चुकली हे त्यांना कळायचं, पण बाहेर पडलेली हाक काही परत घेता येत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वहिनी हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसून रडल्या होत्या. पुढे हसू लागल्या. आता तर कोणाच्या लक्षातही येत नसे. घोळ एवढाच होता की मास्तरांचा धाकटा भाऊ, जो त्यांच्याबरोबरच दुकान चालवायचा, तो मास्तरांना दादाच म्हणायचा. त्यामुळे दुकानात कोणी दादा म्हणून हाक मारली की नवरा-बायको दोघंही वळून बघत.

मास्तरांनी पाठीवरून हात फिरवला. पाठ छान बसली होती. उजवा खांदाही चोख. डाव्या खांद्याखाली मात्र एक तिरकी सुरकुती पडत होती. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, टाका उसवला, आत कापसाच्या पॅडचा आणखी एक थर सरकवला आणि पुन्हा टाचलं. सुरकुती गेली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात दूध उतू गेलं.

*

मास्तर पडले ते दुकानातच. वरच्या फळीवरून अस्तराच्या कापडाचा गठ्ठा काढायला शिडीवर चढले होते. धाकटा म्हणत होता, थांब, मी काढतो. पण ज्याला स्वतःचं काम स्वतः करायची सवय तो कसला थांबतोय! शिडी सरकली आणि डोकं इस्त्रीच्या टेबलाच्या कडेवर आपटलं. शुद्धीवर आले तेव्हा उजवं अंग लुळं पडलेलं, आणि समोरची माणसं तोंड हलवताहेत, आवाज येतोय, पण बोलणं म्हणून काही कळत नाही.

हळूहळू कळू लागलं. हात आधी सुधारला. पाय बराच काळ मागे ओढत राहिला. बोलणं मात्र ठिकाणावर आलं नाही ते नाहीच. शब्द गेले होते असं नाही. मास्तरांना तो सगळा प्रकार आपल्या दुकानासारखा वाटायचा. माल सगळा आहे, पण कोणीतरी फळ्यांवरचं सामान इकडचं तिकडे करून ठेवलंय. दोऱ्यासाठी हात घालावा तर हाताला बटण लागतं. पाणी हवं असलं की तोंडून 'कात्री' जायचं. गिऱ्हाइकाला "बसा" म्हणायचं तर "जा" म्हणून मोकळे व्हायचे, आणि एकदोन गिऱ्हाइकं खरोखरच गेली.

वाचनाचं त्याहून वाईट. घरी आणलं त्या दिवशी त्यांनी दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. पाटी त्यांनीच रंगवून घेतली होती, रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून. काना, मात्रा, वेलांटी, सगळं स्वच्छ दिसत होतं. पण अक्षरं गप्प होती. रोजचा माणूस समोरून यावा आणि ओळख न दाखवता निघून जावा, तसं झालं. आजही मास्तर एखादा छोटा शब्द वाचतात, बोट ठेवून, ओठ हलवत. दुसऱ्या शब्दापाशी पोचेपर्यंत पहिला हातून सुटलेला असतो. हे आता असंच राहणार, असं डॉक्टरांनी गोड शब्दांत सांगितलं होतं, आणि वहिनींनी ते घरी येऊन साध्या शब्दांत सांगितलं.

ते सगळं मास्तरांनी सोसलं असतं. पण टेपवरचे आकडेही दगा देऊ लागले. डोळ्यांना दिसे एक, तोंडून निघे दुसरा आणि हात लिही तिसराच. एका जुन्या गिऱ्हाइकाची पँट त्यांनी अशी बेतली की ती त्याच्या शाळेतल्या मुलाला व्यवस्थित बसली. गिऱ्हाईक भला माणूस, तो म्हणाला की तरी बरं, मुलालाही हवीच होती. पण त्या दिवशी धाकट्याने त्यांच्यासमोरून कात्री उचलली.

"दादा, तू काजं कर," तो म्हणाला. "बटणं लाव. कापायचं मी बघतो." बोलताना त्याचा आवाज कापत होता हे मास्तरांना कळलं, म्हणून त्यांना त्याचा राग आला नाही. राग नाही आला, पण रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. ज्याच्या हातातून कात्री गेली त्याला मास्तर कशाला म्हणायचं?

अशा वेळी त्यांच्या आयुष्यात मॅडम आल्या. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरची एक छोटी खोली, एक टेबल, चित्रांची कार्डं आणि आठवड्यातून एक तास. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे खूप बोलत असतील असं मास्तरांना वाटलं होतं. त्या तर कमालीच्या गप्प! कार्ड समोर ठेवायच्या, हात मांडीवर घ्यायच्या आणि वाट बघायच्या. मास्तरांचं वाक्य पुरं करायची घाई नसलेला हा पहिलाच माणूस. घरी मास्तरांनी 'च' म्हटलं की वहिनी "चहा? चष्मा? चादर?" करत सगळं घर त्यांच्यापुढे आणून ठेवायच्या. माया होती ती, पण त्या मायेत मास्तरांचा शब्द गुदमरायचा.

"वहिनी, तुम्ही उत्तर द्यायचं नाही," मॅडमनी पहिल्याच दिवशी दम दिला.

"नाही नाही, मी आता अगदी गप्प," वहिनी म्हणाल्या. आणि पुढच्याच कार्डाला "अहो, छत्री!" म्हणून ओरडल्या.

मॅडमनी एकदा कार्डं बाजूला सारली. "मास्तर, मला तुमच्या कामातलं ओ की ठो कळत नाही," त्या म्हणाल्या. "दाखवा की मला, माप कसं घेतात."

मास्तरांनी टेप काढला, आकड्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. मग काय सुचलं कुणास ठाऊक, टेबलावरच्या वर्तमानपत्राची कड त्यांनी लांब फाडली. मॅडमच्या मनगटाभोवती ती पट्टी धरली आणि जिथे टोक जुळलं तिथे नखाने खाच पाडली. त्यांना ज्यांनी शिवण शिकवलं ते म्हातारेबुवा टेप हरवला की असंच करायचे. मास्तर त्या खाचेकडे बघत राहिले. मॅडमही बघत राहिल्या. खाच वाचावी लागत नव्हती. ती कापडावर ठेवली की झालं.

पुढचे कितीतरी तास दोघांनी त्या पट्ट्यांचं शास्त्र बसवण्यात घालवले. गळ्याची खाच गोल, छातीची टोकदार, बाहीसाठी दुहेरी. प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी वेगळी आणि तिच्या टोकाला त्याच्याच कापडाचा तुकडा टाचलेला, म्हणजे नाव वाचायचा प्रश्नच नाही. दुकानाच्या भिंतीवर खिळे ठोकले गेले. धाकटा आधी साशंक होता. मास्तरांनी पट्टीवरून त्याचाच शर्ट बेतून दाखवला. त्याने तो अंगात घातला, आरशात पुढून पाहिला, मागून पाहिला आणि कात्री आणून दादाच्या हातात ठेवली.

मास्तरांच्या घरात पुन्हा हसणं-खिदळणं सुरू झालं ते त्या दिवसापासून. ते पूर्वीसारखे झाले नाहीत, होणारही नव्हते. पण सकाळी उठून कुठे जायचं हे त्यांना पुन्हा माहीत झालं. हे मॅडममुळे झालं. मास्तर ते एक दिवसही विसरले नाहीत.

*

आणि आता मॅडम निघाल्या होत्या. लेकीकडे राहायला, दुसऱ्या गावी, कायमच्या. आणखी तीन गुरुवार, तिसरा तास शेवटचा, असं त्यांनी सहज सांगितलं तेव्हा मास्तर कार्डावरच्या किटलीकडे बघत होते. ती किटली आहे हे त्यांना माहीत होतं. बराच वेळ ते तिच्याकडेच बघत राहिले.

त्यांना मॅडमचे आभार मानायचे होते. वहिनींनी मानले असते, चांगले खणखणीत, चार लोकांना ऐकू जातील असे. पण ते वहिनींचे झाले असते. मास्तरांना ते स्वतःच्या तोंडाने मानायचे होते, एका अख्ख्या वाक्यात. ज्या बाईने बोलायला शिकवलं तिच्यासमोर निदान एवढं एक वाक्य सरळ उभं राहावं, बस्स. न राहिलं तर? म्हणून मग कोट. शब्दांनी दगा दिला तर हात आहेतच.

माप मिळवायचं कसं, हा पेच होता. मॅडमचा स्वतःचा जुना कोट त्यांच्या खोलीतच खुंटीला असायचा. पुढच्या गुरुवारी त्या फाईल आणायला बाहेर गेल्या तशी मास्तरांनी खिशातून पट्टी काढली. वहिनी दारात पहाऱ्याला. "लवकर," त्या कुजबुजल्या. "बाही राहू द्या, पाठ घ्या. अहो, आल्या, आल्या!" मास्तर कसेबसे खुर्चीवर येऊन बसले, पण पट्टीचं टोक शर्टाच्या बाहीतून लोंबत होतं. मॅडमनी ते पाहिलं असणार. त्यांनी विचारलं नाही.

पट्टी घरी आली, तिच्यावरून कापड कापलं गेलं आणि ती खिळ्यावर लटकली. त्यानंतर मास्तरांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तशी पद्धतच आहे. पट्टी फक्त कापण्यापुरती. कोट खरा बसतो तो अंगावर. जिथे ओढतोय तिथे सोडायचं, जिथे झोळ आहे तिथे घ्यायचं, जिथे पडतोय तिथे भरायचं. हात हे सगळं आपोआप करतात, कोणाचं अंग आहे हे विचारत बसत नाहीत.

रोज सकाळी न्हाणीघरातून वाक्याचा सराव ऐकू यायचा. "तुमच्यामुळे... तुमच्यामुळे मी... मी पुन्हा..." मग नळाचा आवाज. मग पुन्हा पहिल्यापासून. वहिनी बाहेर भांडी विसळता विसळता थांबायच्या. वाक्य कधी काठाला लागायचं, कधी मध्येच बुडायचं. लागलं की त्यांचाही श्वास सुटायचा.

बुधवारी संध्याकाळी शेवटचं बटण लागलं. वहिनींनी कोट शेवटचा अंगात घातला. आरशासमोर त्या नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. कॉलरवरून हात फिरवला.

"सुरेख झालाय," त्या म्हणाल्या. "मॅडमना शोभेल."

मास्तर खूष होऊन हसले.

"आठवड्यातला एक तास त्यांचा," वहिनी आरशातच बघत म्हणाल्या. "बाकीचे सगळे माझ्याकडे होते हो. असू दे. त्या तासाशिवाय माझ्या तासांना तरी काय अर्थ होता, म्हणा." आणि त्यांनी कोट काढून, नीट घडी घालून टेबलावर ठेवला.

मास्तरांना यातलं अक्षर न् अक्षर कळलं. लोकांना वाटतं, बोलता येत नाही म्हणजे कळत नाही. खूप काही सांगायचं होतं, सगळंच्या सगळं घशापर्यंत आलं आणि तोंडातून बाहेर पडलं ते "इस्त्री."

"तापत ठेवलीये," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

शेवटच्या गुरुवारी मॅडमच्या खोलीत खोकी भरून ठेवलेली होती. भिंतीवरची चित्रं उतरवल्यामुळे तिथे चौकोनी फिकट डाग दिसत होते. मास्तर खुर्चीत न बसता उभेच राहिले. वहिनी दारापाशी थांबल्या, उजव्या हातात कोटाची पिशवी. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, जीव गेला तरी आज मध्ये बोलायचं नाही.

"तुमच्यामुळे," मास्तर म्हणाले.

मॅडमनी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"तुमच्यामुळे मी... मी..." न्हाणीघरात एवढं सुरळीत आलेलं वाक्य! "मी पुन्हा... बटण. नाही. पुन्हा... किटली. च्च!"

मास्तरांचे कान लाल झाले. मॅडम नेहमीसारख्या वाट बघत होत्या, पण आज ती वाट बघणंही मास्तरांना सोसेना. त्यांनी वहिनींच्या हातातून पिशवी ओढून घेतली आणि कोट काढून दोन्ही हातांनी उघडून धरला.

"अय्या!" मॅडम म्हणाल्या. एवढ्या शांत बाई, पण एखाद्या मुलीसारख्या हसल्या. "म्हणून त्या दिवशी बाहीतून पट्टी लोंबत होती होय!"

त्यांनी कोट घातला. बटणं लागली. लांबी बरोबर, पाठ बरोबर. पण डावा खांदा? तो असा वर उचलला गेला होता, की जणू मॅडम एकाच खांद्याने 'मला काय ठाऊक' म्हणत होत्या.

मास्तरांचा हात खिशातल्या खडूकडे गेला. क्षणात ते मॅडमच्या मागे जाऊन उभे राहिले.

"सरळ उभ्या राहा," ते म्हणाले. "हात सैल सोडा. श्वास धरून ठेवू नका. समोर बघा, खाली नको."

मॅडम हलल्या नाहीत, पण त्यांचे डोळे विस्फारले. कार्डांपुढे एकेका शब्दासाठी घाम गाळणारा हा माणूस चार वाक्यं सलग बोलून गेला होता आणि त्याला त्याची खबरही नव्हती. दुकानात आयुष्यभर बोलून बोलून ती वाक्यं जिभेत मुरली होती. काम हातात आलं तशी ती आपली आपण चालून आली.

मास्तरांचं सगळं लक्ष खांद्यावर होतं. कापूस जास्त झालाय. अस्तर उसवायचं, एक थर काढायचा, पुन्हा शिवायचं. इथेच बसून होईल. त्यांनी खडूने खूण केली. आणि मग हात थांबला. हा थर आपणच घातला. सुरकुती पडत होती म्हणून घातला. मग ती सुरकुती इथे का नाही?

त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं.

वहिनी उभ्या होत्या. जुन्या, कोपराला विटलेल्या स्वेटरमध्ये. आणि त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. चांगला बोटभर खाली. मास्तरांनी गावभरच्या लोकांचे खांदे पाहिले होते. कोण कुबड काढून चालतो, कोणाचा कोणता हात आखूड, हे ते लांबून सांगायचे. घरातला हा खांदा त्यांच्या नजरेतून सुटला होता. हातांना कळला होता, त्यांना नव्हता. लग्नात तो असा नव्हता. लग्नानंतरचे सगळे ब्लाउज त्यांनीच शिवलेले, त्यांना पक्कं माहीत होतं.

मग त्यांना आठवलं. उजवं अंग लुळं होतं, पाय ओढायचा. उजवा हात हिच्या डाव्या खांद्यावर टाकून, सगळं ओझं तिथे देऊन ते चालायचे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत. घरापासून पाण्याच्या टाकीच्या बसस्टॉपपर्यंत. या हॉस्पिटलचे जिने, दर आठवड्याला, चढताना आणि उतरताना.

मास्तरांनी खडूची खूण स्वतःच्या बाहीने पुसली. मॅडमच्या अंगातला कोट हलकेच काढून घेतला.

"अहो, हे काय?" वहिनींना आता राहवेना. "दिलेली वस्तू कोणी परत घेतं का? मॅडम, तुम्ही मनावर घेऊ नका हं, यांचं..."

"ये," मास्तर म्हणाले. त्यांनी कोट वहिनींसमोर उघडून धरला होता, मोठ्या गिऱ्हाइकासमोर धरावा तसा.

"मी? डोकं फिरलंय का तुमचं?"

"वहिनी," मॅडम म्हणाल्या, "घाला."

वहिनींनी कोट घातला. मास्तरांनी खांदे चापून पाहिले, गरज नव्हती तरी. कुठे एक सुरकुती नव्हती. दोन्ही खांदे एका रेषेत. त्या कोटात वहिनी कितीतरी वर्षांनी सरळ उभ्या दिसत होत्या.

मॅडम खुर्चीत बसल्या. हात मांडीवर घेतले. "मास्तर," त्यांनी कार्ड दाखवताना विचारायच्या त्याच स्वरात विचारलं, "हा कोट कोणाचा?"

वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"हिचा," मास्तर म्हणाले. मग त्यांनी उजवा हात वहिनींच्या डाव्या खांद्यावर ठेवला. "इथे..." ते म्हणाले. सगळे थांबले. कोणी शब्द पुढे केला नाही. "इथे... मी. सगळा. रोज... मी."

वहिनींनी खाली मान घातली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही, नव्या कोटाच्या बाहीला कसं पुसणार?

मॅडमनी एका खोक्यातून कोरा कागद काढून त्याची लांब पट्टी फाडली आणि मास्तरांपुढे धरली. मग उभ्या राहून दोन्ही हात बाजूला पसरले. "आता माझं घ्या," त्या म्हणाल्या. "चोरून नको. नीट घ्या."

मास्तरांनी माप घेतलं. खांदा, पाठ, बाही, एकेक खाच जपून. पट्टी गुंडाळून त्यांनी छातीशी खिशात ठेवली.

"पाठवतो," ते म्हणाले. शब्द अख्खा आणि बरोबर.

"सावकाश पाठवा. मला वाट बघता येते." मॅडम हसल्या.

निघताना मास्तर दाराशी पुन्हा थांबले. "तुमच्यामुळे," ते म्हणाले आणि पुढचं येईल म्हणून थांबून राहिले. मॅडमही थांबल्या. खालच्या मजल्यावर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं. पुढचं काही आलं नाही.

"तेवढंच," मास्तर म्हणाले.

"भरपूर आहे," मॅडम म्हणाल्या.

*

बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. वहिनी खिडकीशी बसल्या. हॉस्पिटलच्या दारातून निघाल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. एरवी येताना-जाताना त्यांचं तोंड अखंड चालू असायचं. दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायच्या, समोरच्या बाईची पर्स कशी ते सांगायचं, डॉक्टर काय म्हणाले त्याची उजळणी करायची. आज त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि मधूनच एका हाताने दुसऱ्या बाहीवरून बोट फिरवत होत्या.

कंडक्टर आला. "बोला, कुठे?"

सवयीने त्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि नुसती मान हलवली.

"बोला ना बाई, मागे माणसं आहेत."

"दोन," मास्तर म्हणाले.

"कुठली दोन?"

मास्तरांनी तळहात वर केला, जरा थांब, अशा अर्थी. कंडक्टरने सुस्कारा टाकला, पण थांबला. मागच्या माणसाने पुढे वाकून पाहिलं. मास्तरांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. फळ्यांवर शोधाशोध चालली होती. बटण हाताला लागलं, ते त्यांनी ठेवून दिलं. किटली लागली, तीही ठेवली. वहिनींना त्या स्टॉपचं नाव माहीत होतं, आणि आता आवाजही थोडा परत आला होता. पण त्या बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिल्या, मास्तरांना हवा तेवढा वेळ देत.

"पाण्याची टाकी," मास्तर म्हणाले.

कंडक्टरने दोन तिकिटं फाडून त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाकडे वळला.